क्रमवारीबाहेरचा ‘गारवा’

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात ‘सॉफ्ट रॉक’ म्हणून ओळखली जाणारी शैली रॉकचा दणदणाट बाजूला ठेवून संथ लय, मवाळ गिटार किंवा पियानो, गुणगुणता येईल अशी चाल आणि बहुधा प्रेमाचा विषय यांवर उभी राहिली. ‘ब्रेड’ या अमेरिकी चमूचे ‘मेक इट विथ यू’ हे तिचे ठळक उदाहरण १९७० च्या ऑगस्टमध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या ‘हॉट १००’ यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मराठीत या वळणाचे आणि इतके गाजलेले काही शोधायचे झाल्यास मिलिंद इंगळे यांनी संगीत देऊन गायलेला, १९९८ च्या सुमाराचा ‘गारवा’ हा संग्रह प्रथम आठवतो. त्यात कवी सौमित्र, म्हणजेच अभिनेते किशोर कदम, गाण्याआधी कविता वाचतात, आणि बोलण्यातून गाण्यात सरकण्याची ही रीतच, चालींपेक्षाही कदाचित अधिक, श्रोत्यांच्या लक्षात राहिली.

मात्र ‘गारवा’ कितव्या क्रमांकावर होता, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण मराठी गाण्यांची विक्री मोजून दर आठवड्याला यादी छापणारी सर्वमान्य व्यवस्थाच तेव्हा नव्हती. हिंदी चित्रपटगीतांना रेडिओ सिलोनवरील, १९५२ साली सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’ची ‘पायदाने’ लाभली. तबकड्यांची विक्री आणि श्रोता संघांची पसंती यांवरून ठरणारी ती क्रमवारी अमीन सयानी यांच्या आवाजात घरोघरी ऐकली जात असे. अमेरिकेतही आकडे फार काटेकोर होते असे नाही, कारण दुकानदारांनी तोंडी सांगितलेल्या खपावर विसंबण्याची पद्धत १९९१ मध्ये सुटली आणि गल्ल्यावर बारकोड वाचून नोंद होऊ लागली, तेव्हा कंट्री आणि रॅप संगीत याद्यांत एकदम वर सरकले. लोकांची आवड एका आठवड्यात पालटली नव्हती. पालटले होते ते मोजमाप.

मुंबई–गोवा महामार्गावरील लांजासारख्या तालुक्याच्या गावाचा विचार केला, की ही मोजणी किती अपुरी ठरली असती हे उमगते. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तीही १९९८ च्या जानेवारीत, आणि मुंबईतली नवी कॅसेट कोकणात पोहोचायची ती बरेचदा गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून. एक कॅसेट अनेक घरांत फिरे, तिच्यावरून दुसरी ‘भरून’ घेतली जाई, म्हणजे दोन कप्प्यांच्या टेपरेकॉर्डरवर तिची प्रत काढली जाई, आणि साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांनी संपताना शेवटचे गाणे मध्येच तुटे. ‘गारवा’तल्यासारख्या पावसाळी गाण्यांना मृगापासून गणपतीपर्यंत पागोळ्यांची साथ असलेल्या या मुलखात वेगळ्या जाहिरातीची गरज नव्हती, हे ओघाने आलेच. अशा प्रतीच्या पट्टीवर बॉलपेनने ‘गारवा’ लिहिलेले असे. दुकानाच्या विक्रीत मात्र ती कोरी कॅसेट म्हणूनच धरलेली असे.