राखेचा भार कोणाच्या खाती?

सिमेंटच्या निर्मितीत बाहेर पडणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडचा विचार करताना आपली दृष्टी प्रथम भट्टीतील इंधनाकडे जाते. वस्तुतः त्याचा मोठा भाग चुनखडीतून येतो. शुद्ध चुनखडीच्या १०० भागांपासून ५६ भाग चुना व ४४ भाग हा वायू मिळतो. क्लिंकरमध्ये चुना सुमारे ६५ टक्के असल्याने, किलोमागे अर्धा किलो वायू केवळ या विघटनातून निघतो. भट्टी कितीही सुधारली तरी तो टळत नाही. म्हणून क्लिंकरच कमी करावयाचे. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये औष्णिक विद्युत्केंद्रातील राख ३५ टक्क्यांपर्यंत मिसळता येते.

जीवनचक्र-मूल्यांकनात ही राख कोणता भार घेऊन येते, हा खरा विवाद्य प्रश्न होय. तिला टाकाऊ मानले तर भार शून्य, सारा वायू विजेच्या खाती. उपपदार्थ मानले तर वाटणी आली. आंतरराष्ट्रीय मानक १४०४४ (२००६) म्हणते की, वाटणी शक्यतो टाळावी. न टळल्यास भौतिक संबंध पाहावा. तोही न सापडल्यास किंमत वगैरे आधार घ्यावा. वीज तागडीत घालता येत नाही. त्यामुळे पुष्कळ अभ्यासक किमतीकडेच वळतात.

समजा, एका युनिट विजेबरोबर ९५० ग्रॅम वायू व २५० ग्रॅम राख निघते. वीज ४ रुपयांची, राख किलोस ४० पैशांची. राखेच्या वाट्यास सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ९३ ग्रॅम वायू येतो. राखेचा दर १ रुपया होताच तोच आकडा २२४ होतो. धुराड्यात मात्र काहीच बदललेले नसते!

हे उदाहरण केवळ कल्पनेतले नव्हे. केंद्र शासनाच्या १९९९ च्या अधिसूचनेने राख दहा वर्षे विनामूल्य देण्याचे बंधन विद्युत्केंद्रांवर घातले. २००९ च्या सुधारणेने विक्रीस वाव दिला. त्या काळात किमतीवरून गणित करणाऱ्याचे उत्तर शासकीय आदेशाबरोबर पालटले असते.

आमच्या मते, विकल्या जाणाऱ्या राखेस शून्य भार देणे समर्थनीय नाही. प्रबंधकाराने निदान दोन्ही पद्धतींचे आकडे द्यावेत, आणि वाचलेल्या क्लिंकरचे श्रेय विद्युत्केंद्र व सिमेंट या दोघांनाही देऊ नये. आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते. सिमेंटची मागणी वाढली म्हणून राख वाढत नाही. ती विजेच्या मागणीने ठरते. जेथे सारी राख आधीच खपते, तेथे आपण घेतलेला जादा टन दुसऱ्या कोणाच्या तरी मिश्रणातून कमी होतो, व तेथे पुन्हा क्लिंकर पडते.