उजव्या काठावरचं वल्हं

१४ एप्रिल १९१२ची रात्र. समोर हिमनग दिसताच ‘टायटॅनिक’चे फर्स्ट ऑफिसर मर्डोक यांनी हुकूम सोडला, ‘हार्ड ए-स्टारबोर्ड!’ स्टारबोर्ड म्हणजे जहाजाची उजवी बाजू. हिचेन्स या खलाशाने चक्र फिरवलं आणि जहाजाचं नाक वळलं डावीकडे. हुकूम बरोबर होता आणि त्याची तामिलीही.

कारण तो हुकूम दांड्याला उद्देशून होता. सुकाणूच्या माथ्यावरचा दांडा उजवीकडे रेटला, की पाण्यातलं पातं डावीकडे जातं. त्यावर पाण्याचा दाब येतो, जहाजाची मागची बाजू उजवीकडे ढकलली जाते आणि नाक डावीकडे फिरतं. दांड्याच्या जागी चाक आलं, वाफेची यंत्रं आली, तरी हुकूम जुनाच चालू राहिला. ब्रिटिश जहाजांवर तो बदलायला १९३३ उजाडलं. दर्यावर्दी माणसं शब्दांच्या बाबतीत भलती हट्टी!

‘स्टारबोर्ड’मध्ये तारा शोधू नये. जुन्या इंग्रजीतला ‘स्टेओरबोर्ड’ म्हणजे जहाज वळवायची बाजू. उत्तर युरोपातल्या जहाजांना तेव्हा मागे मधोमध सुकाणू नसे. मागच्या अंगाला, उजव्या काठावर रुंद पात्याचं वल्हं बांधलेलं असे. इ.स. ८३४ मध्ये पुरलेलं आणि १९०४ साली उकरून काढलेलं नॉर्वेतलं ओसेबर्ग जहाज याच बांधणीचं. उजवाच काठ का? बहुतेक माणसं उजव्या हाताची म्हणून, असं सांगतात. मला ते पटतं.

साहजिकच धक्क्याला लागायची ती डावी बाजू. नाहीतर वल्हं चिरडायचं. माल तिथूनच चढे, म्हणून ती ‘लार्बोर्ड’. फ्रेंच तिला ‘बाबोर’ म्हणतात, म्हणजे पाठीकडची बाजू : वल्हं धरून उभ्या माणसाची पाठ तिकडे असे. (आपलं ‘सुकाणू’ आलं अरबी ‘सुक्कान’वरून, त्यात डाव्या-उजव्याची भानगड नाही.) पण वादळात ‘लार्बोर्ड’ आणि ‘स्टारबोर्ड’ सारखेच ऐकू येणार! अखेर १८४४ साली ब्रिटिश नौदलाने ‘लार्बोर्ड’ला रजा देऊन ‘पोर्ट’ हा शब्द पक्का केला.

साधं डावं-उजवं का नाही म्हणत? खलाशी कुठेही तोंड करून उभा असो, जहाजाचं स्टारबोर्ड हलत नाही. रात्री तिथे हिरवा दिवा, पोर्टला लाल. यंत्रावर चालणाऱ्या दोन जहाजांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याला दुसरं आपल्या उजवीकडे दिसतं त्यानं वाट द्यायची. त्याला समोरच्याचा नेमका लाल दिवाच दिसतो. विमानांनीही हेच रंग उचलले : डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याच्या टोकाला हिरवा.