कोंबडीला देवी, माणसाला धास्ती

पावसाळा सरता सरता गावरान कोंबड्यांच्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला मसुराएवढे फोड उठतात आणि पुढे त्यांच्या काळपट खपल्या होतात. लगेच शेजारून सल्ला येतो, "पोरांना लांब ठेवा, कांजिण्या येतील." येत नाहीत. कोंबडीच्या देवीचा विषाणू माणसाला लागत नाही. कांजिण्यांचा विषाणू वेगळ्याच कुळातला.

ही देवी पसरवण्यात डासांचा मोठा हात असतो. विषाणू डासाच्या अंगात वाढत नाही, सोंडेला चिकटून पुढच्या कोंबडीपर्यंत जातो. डास म्हणजे इथे न उकळलेली सुई. कोंबड्या एकमेकींना टोचतात, त्या जखमांतूनही तो शिरतो. त्यामुळे खपल्या ओरबाडून वर हळद-तेल चोपडणे हा उपाय नव्हे. गळालेल्या खपल्यांत विषाणू महिनोन्महिने टिकतो. प्रतिजैविकांनीही तो मरत नाही, फार तर चिघळलेली जखम आटोक्यात येते. फोड कातडीवरच असतील तर बहुतेक कोंबड्या तीन-चार आठवड्यांत आपसूक बऱ्या होतात. घशात पिवळसर थर धरला, तर मात्र दाणा गिळवत नाही, श्वास कोंडतो आणि कोंबडी दगावते. खरा इलाज आधीच टोचलेली लस. पंखाच्या पातळ कातडीत दुतोंडी सुईने ती देतात. आठवड्याभराने तिथे पुळी दिसली नाही, तर लस लागली नाही असे समजावे. हे तपासायचेच नेमके राहून जाते.

दुसरा गैरसमज कावळ्यांचा. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आल्यापासून मेलेला कावळा दिसला की तेच नाव तोंडी येते. बर्ड फ्लू पसरतो तो विष्ठा, स्राव आणि दूषित पाण्यातून, डासांमुळे नव्हे. आणि कावळे इतर रोगांनीही मरतात. 1999 साली न्यूयॉर्कमध्ये ते पटापट मरू लागले, त्याच सुमारास माणसांना मेंदूज्वर होत होता. सरकारी निदान होते सेंट लुईस मेंदूज्वर. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुविकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना ते पटेना, कारण तो रोग पक्ष्यांना सहसा मारत नाही. त्यांच्याकडे फ्लेमिंगो मेले होते, पण कोंबड्या ठणठणीत. म्हणजे बर्ड फ्लू किंवा मानमोडीही नव्हे. शेवटी निघाला डासांमार्फत पसरणारा वेस्ट नाईल विषाणू. त्या साथीत सात माणसे दगावली. भारताला हा विषाणू नवा नाही: मुंबईतल्या लोकांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे 1952 सालीच सापडली होती. कोंबडी या विषाणूने सहसा आजारी पडत नाही, तिच्या रक्तात प्रतिपिंडे मात्र तयार होतात. म्हणून अमेरिकेत मुद्दाम कोंबड्या पाळून त्यांचे रक्त तपासत राहतात.

"पक्षी धडधाकट, मग भीती कसली?" हेही खरे नाही. जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांच्या रक्तात वाढतो आणि बगळा मजेत भातखाचरात बेडूक टिपत असतो. पण बगळे हाकलून काही साधत नाही. हा विषाणू डुकरांतही जोमाने वाढतो आणि डास त्याच खाचरात पैदा होतात. डुकरांचे वाडे वस्तीपासून दूर ठेवणे, मच्छरदाणी वापरणे आणि साथीच्या जिल्ह्यांत मुलांना लस टोचून घेणे, एवढे मात्र आपल्या हातात आहे.