न उघडणारें दार

एखादें यंत्र अडलें म्हणजे त्यास ठोकून पाहावें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर जोर लावावा, असा आपल्यापैकीं बहुतेकांचा शिरस्ता असतो. हा शिरस्ता किती घातक ठरूं शकतो तें मला एका दारानें शिकविलें. तें दार अमेरिकेंतील होतें; परंतु त्याचें एक भावंड आपल्या बाजारपेठेंतहि आहे, त्याविषयीं शेवटीं सांगेन.

सन २०२३ च्या नाताळच्या सुटींत मी न्यू जर्सी राज्यांत माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलों होतों. तिकडे पुष्कळ घरांस लागूनच मोटार ठेवण्याची खोली असते. तिला गॅरेज म्हणतात. तिचें दार आपल्या दारांप्रमाणें बाजूस उघडत नाहीं. चारपांच आडव्या फळ्या बिजागऱ्यांनीं एकमेकींस जोडलेल्या असतात. त्यांच्या टोकांस लहान चाकें असून तीं दोन्ही बाजूंच्या लोखंडी रुळांतून धांवतात. बटण दाबतांच सबंध दार वर सरकत जाऊन छताखालीं आडवें होतें. सी. जी. जॉन्सन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें असें वर जाणारें दार १९२१ सालीं बनविलें, आणि १९२६ सालीं त्यास विजेच्या यंत्राची जोड दिली.

माझी बहीण नर्स आहे. एके दिवशीं पहांटे ती कामावर निघाली आणि तिनें बटण दाबलें. यंत्र घुरघुरलें, दार चार बोटें वर आलें आणि थांबलें. तिला सात वाजतां रुग्णालयांत हजर व्हावयाचें होतें, म्हणून ती शेजारणीच्या मोटारींतून गेली. मागें राहिलों मी आणि माझा पंधरा वर्षांचा भाचा. “मामा, आपणच दुरुस्त करूं या,” तो म्हणाला. विज्ञान शिकविणाऱ्या मास्तरास याला नाहीं म्हणवेना!

आम्हीं काय केलें तें सांगण्यापूर्वीं, काय करावयास हवें होतें तें सांगतों. शोध नेहमीं सोप्या कारणापासून अवघड कारणाकडे न्यावा.

पहिला प्रश्न असा कीं, यंत्रास वीज मिळते काय? त्याचा दिवा लागत नसेल तर प्लग आणि विजेचा खटका पाहावा. दुसरा प्रश्न : भिंतीवरील बटणानें दार उघडतें, पण हातांतील रिमोटानें उघडत नाहीं, असें आहे काय? तसें असेल तर रिमोटाची बॅटरी संपली असेल, किंवा भिंतीवरील ‘कुलूप’ बटण कोणी चुकून दाबलें असेल. तें दाबलें असतां यंत्र रिमोटाची आज्ञा मानीत नाहीं. तिसरा प्रश्न : यंत्र चालतें, सांखळीहि सरकते, पण दार जागचें हलत नाहीं, असें आहे काय? तर मग यंत्र आणि दार यांची जोडणी सुटली आहे असें समजावें. वीज गेली असतां दार हातानें उघडतां यावें म्हणून तांबड्या मुठीची एक दोरी यंत्राखालीं लोंबत असते. ती ओढली म्हणजे ही जोडणी सुटते.

चौथा प्रश्न आमच्या दारास लागू पडणारा होता : यंत्र जोर करतें, पण दार अडून बसतें काय? अशा वेळीं आंतील अडसर लागला आहे काय, एखादें चाक रुळांतून निसटलें आहे काय, तें पाहावें. कडाक्याच्या थंडींत दाराखालची रबराची पट्टी बर्फानें जमिनीस चिकटते, तेंहि पाहावें. यांपैकीं कांहींच नसेल, तर नजर वर न्यावी; कारण सर्वांत महत्त्वाचा भाग तेथें आहे.

येथें पुष्कळांचा एक गैरसमज होतो. दाराच्या दोन्ही बाजूंस जमिनीपासून सहा इंचांच्या आंत दोन लहान ‘डोळे’ बसविलेले असतात. एकांतून अदृश्य किरण निघतो आणि दुसरा तो टिपतो. दार खालीं येत असतां मध्यें मूल किंवा मांजर आलें कीं किरण तुटतो आणि दार उलट वर जातें. लहान मुलें अशा दारांखालीं सांपडून दगावलीं, म्हणून १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या यंत्रांस असा बंदोबस्त अमेरिकेंत कायद्यानें सक्तीचा झाला. परंतु हे डोळे बिघडले तर दार *मिटत* नाहीं. *उघडण्याशीं* त्यांचा संबंध नसतो. न उघडणाऱ्या दारासाठीं ते पुसत बसणें व्यर्थ होय.

आतां मुख्य गोष्ट. दोन मोटारींच्या गॅरेजचें दार सत्तर ते शंभर किलो, कधीं त्याहूनहि जड असतें. तें उचलणारी मोटर मात्र बहुधा अर्ध्या अश्वशक्तीची असते. मग एवढें वजन उचलतें कोण? तें यंत्र उचलीत नाहीं, स्प्रिंग उचलते. दाराच्या वर भिंतीलगत एक आडवा दांडा असतो व त्यावर जाड तारेच्या स्प्रिंगा चढविलेल्या असतात. भिंतीवरील घड्याळास आपण किल्ली देतों, तसा त्यांना पीळ दिलेला असतो. सात फूट उंचीच्या दारास सुमारें साडेसात वेढे. दार खालीं येतें तेव्हां पीळ वाढतो. वर जातें तेव्हां तोच पीळ तारेच्या दोरांनीं दारास वर ओढतो. दाराचें वजन एका पारड्यांत आणि स्प्रिंगेची ओढ दुसऱ्या पारड्यांत. यंत्र तराजूस केवळ बोट लावतें.

साधारण स्प्रिंग दहा हजार वेळां दार उघडमीट करण्याच्या हिशेबानें बनविलेली असते. रोज चार वेळां दार उघडलें आणि मिटलें तर ती किती वर्षें टिकेल? गणित करून पाहा : अडीच हजार दिवस, म्हणजे जवळजवळ सात वर्षें. बहिणीचें घर आठ वर्षांचें होतें!

आम्हीं वर पाहिलें तों दोन स्प्रिंगांपैकीं एकीच्या मधोमध दोन इंचांची फट दिसली. ती तुटली होती. येथेंच आम्हीं थांबावयास हवें होतें. परंतु भाचा म्हणाला, “मामा, दुसरी सोडून पाहूं, म्हणजे जोडणी कशी आहे तें कळेल.” तो स्टुलावर चढला, आणि पाना मीच त्याच्या हातीं दिला. तो बोल्टाला लावणार, इतक्यांत दाजी जिन्यावरून ओरडले, “हात लावूं नका!”

तुटलेल्या स्प्रिंगेंत आतां कांहीं बळ उरलें नव्हतें. पण धड स्प्रिंगेंत तिचा सारा पीळ तसाच भरलेला होता. बोल्ट सैल झाला असता तर तो पीळ एका क्षणांत सुटला असता, आणि पाना पोराच्या तोंडावर आदळला असता. पिळांत सांठलेली शक्ति मी वीस वर्षें फळ्यावर शिकवीत आलों आहें. ती डोक्यावर टांगलेली असतां मला ओळखतां आली नाहीं. त्या दिवशीं मला ताईस तोंड दाखविण्याची लाज वाटली.

दुपारीं कारागीर आला. त्यानें पीळ देण्याचे दोन लोखंडी गज आणले होते. दोन्ही स्प्रिंगा एकाच वयाच्या म्हणून त्यानें दोन्ही बदलल्या. नंतर मिटलेल्या दाराची तांबडी दोरी ओढून त्यानें भाच्यास दार उचलावयास सांगितलें. तें सहज उचललें गेलें, आणि अर्ध्यावर सोडलें तरी तेथेंच स्थिर राहिलें. दाराचा तोल बरोबर असल्याची हीच परीक्षा होय. ही परीक्षा दार पूर्ण मिटलेलें असतांच, आणि मोठ्या माणसानेंच करावी. उघड्या दाराची दोरी ओढूं नये. स्प्रिंग तुटलेली असल्यास दार धाडकन खालीं येतें.

आतां त्या भावंडाविषयीं. आपल्या पेठेंतील हातानें उचलावयाच्या लोखंडी शटरांतहि वरच्या गुंडाळींत अशाच स्प्रिंगा असतात. म्हणूनच दुकानदार एवढें जड शटर एका झटक्यांत वर लोटतो. तुमच्यापैकीं कित्येकांच्या वडिलांचीं दुकानें आहेत. शटर एके दिवशीं एकाएकीं जड लागलें, तर चार मित्रांस बोलावून तें उचलूं नका, अर्धवट उघडल्या शटराखालून आंत शिरूं नका, आणि वरील गुंडाळीस हात लावूं नका. वडिलांस सांगा, ते शटरवाल्यास बोलावतील. पालकांसहि विनंति कीं, घाईच्या वेळीं असें काम मुलांवर सोंपवूं नये.

वीज, बॅटरी, अडसर, बर्फ, येथपर्यंतचा शोध आपला. जेथें पीळ किंवा ताण भरलेला आहे तेथें आपला हात थांबावा आणि जाणत्याचा चालावा. आपल्या ज्ञानाची हद्द कोठें संपते हें ओळखणें, हाहि विज्ञानाचाच एक धडा आहे. मला तो थोडा उशिरा मिळाला.