मॅक्रो लेन्स : आधी काम, मग खरेदी

निकाहच्या फोटोंबरोबर सराफाच्या दागिन्यांचे काम मिळू लागले की स्टुडिओवाल्या तरुणाला मॅक्रो लेन्सची ओढ लागते. ती महाग. व्याजी हप्त्यावर घेतली तर हंगामाची कमाई हप्त्यातच जायची. म्हणून स्वस्त साधने आधी पाहावीत.

क्लोज-अप फिल्टर लेन्सच्या तोंडावर फिरवून बसतो. लेन्स अनंतावर ठेवली, की २ नंबरच्या फिल्टरने ५० सें.मी.वरची वस्तू स्पष्ट येते, ४ नंबरने २५ सें.मी.वरची. मेहंदीच्या हातासाठी एवढे पुरे. साध्या फिल्टरने कडा मात्र पुसट येतात.

एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये काचच नसते. ५० मि.मी.च्या साध्या लेन्समागे तेवढीच लांब ट्यूब लावली तर अंगठी मूळ आकाराएवढी सेन्सरवर उतरते. पण उजेड दोन स्टॉप घटतो आणि लेन्स इतकी जवळ न्यावी लागते की सोन्यात कॅमेराच दिसतो! ट्यूब विद्युत संपर्काची घ्यावी. नाहीतर आजच्या बहुतेक लेन्सचे ॲपर्चर कॅमेऱ्यावरून चालत नाही.

दागिन्यांचे काम कायमचे असेल तर ९० ते १०५ मि.मी.ची मॅक्रोच बरी. दिवा ठेवायला जागा उरते. दागिना हलत नाही, तेव्हा ऑटोफोकसचे पैसे कशाला मोजायचे? आपल्या कॅमेऱ्याला बसणारी जुनी मॅन्युअल मॅक्रो चालेल. फक्त टॉर्च मारून काचेत बुरशी आहे का ते पाहावे. कोकणच्या दमट हवेत ती लवकर धरते.