गावाबाहेर, पण किती बाहेर?

साथीच्या काळात परदेशातून परतणाऱ्या प्रवाशांना काही दिवस वेगळे ठेवण्याला विलगीकरण किंवा रूढ भाषेत क्वारंटाइन म्हणतात. त्यामागचा हिशेब सरळ आहे: जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंतचा काळ, ज्याला अधिशयनकाल म्हणतात, तो संपेपर्यंत निरोगी दिसणाऱ्या माणसालाही संशयित धरावे आणि तो निर्धोक पार पडला की घरी जाऊ द्यावे. किती दिवस ठेवायचे याचे उत्तर वैद्यकशास्त्र बऱ्यापैकी देते. कुठे ठेवायचे याचे उत्तर मात्र विमानतळ, रुग्णालय, जमिनीची मालकी, कामगारांची उपलब्धता आणि शेजारच्या वस्तीची भीती अशा अनेक गोष्टींत अडकते. कोविडच्या साथीत या प्रश्नावर सर्वाधिक वाद ऑस्ट्रेलियात झाला, आणि तिथल्या दोन-अडीच वर्षांच्या अनुभवातून जागेच्या निवडीविषयी जितके शिकता येते तितके क्वचितच दुसरीकडे मिळेल.

या प्रश्नाचे जुने उत्तर बेट हे होते. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील रागुसा नगरराज्याने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ मध्ये प्लेगग्रस्त भागांतून येणाऱ्यांना गावात शिरण्याआधी जवळच्या खडकाळ बेटांवर किंवा त्सावतात या गावी ३० दिवस काढणे बंधनकारक केले, आणि १४२३ मध्ये व्हेनिसने आपल्या खाडीतील एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचे रुग्णालय उभारले. मुंबईहून जहाजाने हजला निघालेल्या यात्रेकरूंना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर उतरून तपासणी आणि मुक्काम करावा लागे, तो याच विचाराने. सिडनीत बंदराच्या तोंडाशी नॉर्थ हेड या उंच भूशिरावर १८३० च्या दशकात उभे राहिलेले विलगीकरण स्थानक १९८४ पर्यंत कागदोपत्री चालू होते.

बेट किंवा भूशीर निवडण्याचे कारण केवळ पाण्याने तुटलेली जमीन एवढेच नव्हते. ही ठिकाणे जहाजाच्या वाटेवरच पडत, त्यामुळे प्रवाशाला संशयित अवस्थेत वस्तीतून न्यावे लागत नसे. शिवाय समुद्रप्रवासच इतका लांब असे की अधिशयनकालाचा बराचसा भाग जहाजावरच सरून जाई. विमानाने या दोन्ही सोयी संपवल्या. आता प्रवासी संसर्ग झाल्यावर काही तासांतच, लक्षणांचा मागमूस नसताना, थेट शहराच्या कुशीतील धावपट्टीवर उतरतो, आणि त्याला दूर न्यायचे म्हटले तर ते शहरातून किंवा शहराला वळसा घालूनच न्यावे लागते.

तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानहून आणलेल्या आपल्या नागरिकांना ठेवण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य सरकारने पहिल्यांदा निवडले ते बेटच. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेट मुख्य भूमीपासून सुमारे १,५०० किलोमीटरवर आहे आणि तिथे आश्रयार्थींसाठी बांधलेले बंदिस्त केंद्र तयार होते. काही शे माणसांसाठी ही व्यवस्था निभावली. परंतु तिथले रुग्णालय अगदी लहान असल्याने गंभीर रुग्णाला विमानानेच मुख्य भूमीवर न्यावे लागले असते, आणि मार्चच्या अखेरीस जगभरातून नागरिकांचा लोंढा परतू लागल्यावर बेटाचा विचारच गैरलागू ठरला. २७ मार्च २०२० रोजी पंतप्रधान आणि राज्यांच्या प्रमुखांच्या बैठकीत निर्णय झाला की प्रत्येक परतणाऱ्याने, ज्या शहरात विमान उतरेल तिथेच, नेमून दिलेल्या जागी १४ दिवस राहावे. ती जागा बहुतेक ठिकाणी हॉटेल होती. पर्यटन थांबल्याने खोल्या रिकाम्या होत्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर होते, विमानतळ आणि मोठी रुग्णालये जवळ होती. घाईत घेतलेला असला तरी त्या घडीला हा निर्णय शहाणपणाचाच होता.

मेलबर्नने त्याची दुसरी बाजू दाखवली. मे २०२० मध्ये शहराच्या मध्यभागातील एका हॉटेलात, जे मुद्दाम बाधित प्रवाशांसाठी राखून ठेवले होते, तिथल्या कर्मचाऱ्यांना आणि सुरक्षारक्षकांना लागण झाली, जूनमध्ये दुसऱ्या एका हॉटेलात तेच घडले, आणि विषाणूच्या जनुकीय तपासणीतून असे निष्पन्न झाले की व्हिक्टोरिया राज्यातील दुसऱ्या लाटेचा जवळजवळ सगळा पसारा या दोन इमारतींपर्यंत मागे नेता येतो. त्या लाटेत १८,००० हून अधिक लोक बाधित झाले, साडेसातशेहून अधिक दगावले आणि मेलबर्न शहर ११२ दिवस टाळेबंदीत राहिले. सेवानिवृत्त न्यायाधीश जेनिफर कोट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने डिसेंबर २०२० मध्ये दिलेल्या अहवालात बोट ठेवले ते प्रामुख्याने व्यवस्थेवर: कोण कोणाला जबाबदार हे स्पष्ट नव्हते, संसर्गनियंत्रणाची जाण असलेली माणसे जागेवर पुरेशी नव्हती, आणि पहाऱ्याचे काम कंत्राटी, तासावर पैसे घेणाऱ्या रक्षकांकडे होते, ज्यांना पोट भरण्यासाठी दुसरीकडेही काम करावे लागे.

या शेवटच्या मुद्द्यात जागेच्या प्रश्नाचा गाभा दडलेला आहे. खोलीत कोंडलेला प्रवासी चौदा दिवस कुठेच जात नाही. रोज बाहेर जातो तो जेवणाचा डबा दाराशी ठेवणारा, चादरी उचलणारा, रात्रपाळी करणारा माणूस, आणि तो जातो आपल्या घरी, भाड्याच्या दोन खोल्यांत, कदाचित लोकलने. म्हणून केंद्र शहरापासून किती दूर आहे यापेक्षा केंद्रात काम करणारा माणूस रात्री कुठे झोपतो, हे अंतर अधिक महत्त्वाचे असते, आणि नकाशावर ते दिसत नाही.

दुसरी अडचण हवेची. विषाणू मुख्यतः खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून, हाताळलेल्या वस्तूंतून पसरतो असे आरंभी मानले गेले, पण श्वासावाटे निघणारे अतिसूक्ष्म तुषार बंद जागेत बराच वेळ तरंगत राहतात हे पुढे स्पष्ट होत गेले. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे सप्टेंबर २०२० मध्ये विलगीकरणाच्या एका हॉटेलात झालेल्या प्रसाराचा अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. शेजारशेजारच्या दोन खोल्यांतील प्रवासी एकमेकांना भेटले नव्हते. नाका-घशाचे नमुने घेण्यासाठी त्यांची दारे एकापाठोपाठ उघडली गेली, दोहोंमधले अंतर मिनिटभराहून कमी होते, आणि खोलीतील हवेचा दाब मार्गिकेपेक्षा अधिक असल्याने दार उघडताच आतली हवा बाहेर येत होती. रुग्णालयातील संसर्गकक्षात नेमके उलटे करतात: खोलीत दाब कमी राखतात, जेणेकरून हवा बाहेरून आत ओढली जावी. हॉटेलची बांधणी पाहुण्याला मार्गिकेतला धूर-वास येऊ नये म्हणून झालेली असते. पंधराव्या मजल्यावरची न उघडणारी खिडकी आणि दोन्ही बाजूंना दारे असलेली बंद मार्गिका हे तिथे वैभव असते आणि साथीत तोच दोष ठरतो.

याउलट उदाहरण उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनपासून सुमारे २५ किलोमीटरवर हॉवर्ड स्प्रिंग्ज येथे होते. इक्थिस नावाच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाच्या बांधकाम मजुरांसाठी जपानी कंपनीने उभारलेली ही वसाहत प्रकल्प पुरा झाल्यावर रिकामी पडली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ या जहाजावरून सुटका झालेल्या ऑस्ट्रेलियन प्रवाशांना तिथे ठेवण्यात आले आणि पुढे तिची क्षमता २,००० पर्यंत वाढवण्यात आली. बैठ्या तयार खोल्यांच्या रांगा, प्रत्येक खोलीचे दार थेट ओसरीवर उघडणारे, प्रत्येक खोलीला स्वतंत्र वातानुकूलन यंत्र, आणि मध्ये मोकळे आकाश, अशी तिची रचना होती. त्यामुळे तपासणीला आलेली परिचारिका बंद मार्गिकेत न अडकता खुल्या हवेत उभी राहून काम करू शकत असे, आणि प्रवाशालाही मुखपट्टी लावून स्वतःच्या ओसरीवर बसता येई. डार्विनच्या दमट उकाड्यात पायघोळ संरक्षक पोशाख घालून फेऱ्या मारणे कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने मोठे दिव्य होते, हेही खरे. मात्र आपत्कालीन वैद्यकीय सेवेचे प्रशिक्षण घेतलेली पथके तिथे होती, शहरातले मोठे रुग्णालय फार लांब नव्हते, आणि २०२१ च्या मध्यापर्यंत तिथून बाहेरच्या वस्तीत संसर्ग गेल्याची नोंद नव्हती. या यशाचे श्रेय अनेकांनी ‘दूर रानात’ असण्याला दिले. खरे पाहता ते ओसरीला आणि प्रशिक्षित माणसांना अधिक द्यायला हवे.

भारतानेही वुहानहून आणलेल्या सुमारे साडेसहाशे नागरिकांसाठी फेब्रुवारी २०२० मध्ये निवडलेल्या जागा पाहण्याजोग्या आहेत: हरियाणातील मानेसर येथील लष्करी तळ आणि दिल्लीच्या छावला भागातील भारत-तिबेट सीमा पोलिसांची छावणी. दोन्ही राजधानीच्या विमानतळापासून मोटारीने जाता येण्याजोग्या अंतरावर, तरी आत-बाहेर जाण्यावर नियंत्रण असलेल्या, आणि राबणारी माणसे शिस्तीत त्याच आवारात राहू शकतील अशा. इराणहून आलेल्या यात्रेकरूंना मुंबईत घाटकोपरच्या नौदल केंद्रात ठेवताना हाच विचार झालेला दिसतो. घाटकोपरइतकी दाट वस्ती क्वचितच कुठे असेल, पण कुंपण पक्के आणि मनुष्यबळ आतले असल्याने ती जागा चालली. मेमध्ये ‘वंदे भारत’ मोहीम सुरू होऊन हजारो लोक परतू लागल्यावर मात्र मुंबईलाही हॉटेलांचाच आधार घ्यावा लागला.

ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य खात्याच्या माजी सचिव जेन हाल्टन यांनी हॉटेल विलगीकरणाचा आढावा घेऊन ऑक्टोबर २०२० मध्ये सुचवले होते की आणीबाणीत वापरता येईल अशी राष्ट्रीय सुविधा हाताशी असावी. संविधानाने विलगीकरणाचा कायदा करण्याचा अधिकार संघराज्याच्या संसदेला दिलेला असूनही हॉटेले राज्ये चालवत होती, आणि कोणी पैसे घालायचे यावर महिने गेले. क्वीन्सलँड सरकारने ब्रिस्बेनपासून सुमारे १३० किलोमीटरवरील टूवूम्बा शहराजवळ, वेलकॅम्प येथील खासगी विमानतळाला लागून केंद्र काढण्याचा आग्रह धरला. संघराज्य सरकारने हरकत घेतली ती अंतराबद्दल: नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने जिथे उतरतात तिथून जवळ, आणि गंभीर रुग्णांवर उपचार करू शकणाऱ्या मोठ्या रुग्णालयापासून तासाभराच्या आत जागा हवी, अशी त्याची अट होती. टूवूम्बातील रहिवाशांनाही मोठ्या शहराची व्याधी आपल्या दारात नको होती.

या वादात राजकारण भरपूर होते, तरी अट निराधार नव्हती. जून २०२१ मध्ये सिडनीतील डेल्टा विषाणूची मोठी लाट सुरू झाली ती हॉटेलातून नव्हे, तर परदेशी विमानांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या एका मोटारचालकापासून. केंद्र जितके लांब तितका प्रवाशाचा आणि चालकाचा बंद वाहनात सहवास अधिक, हा हिशेब दूरच्या जागेच्या पुरस्कर्त्यांनी क्वचितच मांडला. धावपट्टी आवारालगत असेल तर तो प्रश्न मिटतो खरा, परंतु तिथे उतरायला विमान कंपन्या तयार हव्यात.

जागा कमी पडली की काय होते, हे भारतातून परतणाऱ्यांनी अनुभवले. एप्रिल २०२१ च्या अखेरीस, इथे दुसरी लाट भरात असताना, ऑस्ट्रेलियाने ३ मेपासून आधीच्या चौदा दिवसांत भारतात राहिलेल्या स्वतःच्या नागरिकांनाही प्रवेश नाकारला, आणि उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलर दंड अशी तरतूद केली. कारण दिले गेले ते विलगीकरण केंद्रांवरील ताणाचे: आलेल्यांतील बाधितांचे प्रमाण केंद्रांना पेलवण्यापलीकडे गेले होते. सुमारे ९,००० ऑस्ट्रेलियन तेव्हा भारतात अडकले होते, आणि आईवडिलांच्या आजारपणासाठी इकडे आलेल्या मेलबर्न-सिडनीच्या मराठी कुटुंबांनाही त्याची झळ बसली. बंदी उठताच १५ मे रोजी पहिले विमान डार्विनला उतरले ते अर्धे रिकामे. १५० जागांपैकी सत्तरेक जणांना चाचणीत बाधित आढळल्याने किंवा बाधितांच्या संपर्कात असल्याने दिल्लीतच थांबवण्यात आले होते. हॉवर्ड स्प्रिंग्जसारखी आणखी दोन केंद्रे तोवर उभी असती, तर स्वतःच्याच नागरिकांवर दार लावण्याची पाळी कदाचित आली नसती.

ती उभी राहिली, पण उशिरा. मेलबर्नच्या उत्तर सीमेवरील मिकलहॅम येथे हजार खाटांचे केंद्र फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाले, ज्या महिन्यात ऑस्ट्रेलियाने लसवंत पर्यटकांसाठी सीमा खुल्या केल्या. वेलकॅम्पही त्याच सुमारास उघडून ऑगस्टमध्ये बंद झाले, आणि तिथे सुमारे ७३० माणसेच राहून गेली. ब्रिस्बेनजवळचे पिंकेंबा आणि पर्थजवळचे बुल्सब्रुक ही केंद्रे विलगीकरणासाठी जवळजवळ वापरलीच गेली नाहीत. मिकलहॅमची जागा निवडताना मात्र कोणाला फार शोधाशोध करावी लागली नसणार, कारण तिथे शेजारीच परदेशातून आलेली कुत्री, मांजरे, घोडे आणि मधमाश्या ठेवण्याचे सरकारी केंद्र २०१५ पासून चालू होते. जनावरांसाठी कायमची व्यवस्था आधीपासून असावी आणि माणसांसाठी ती साथ ओसरताना व्हावी, हा क्रम विचार करायला लावणारा आहे.

अशी केंद्रे दोन साथींमधल्या काळात ओस पडतात, दुरुस्तीचा खर्च मात्र चालूच राहतो, आणि नव्या सरकारला तो पांढरा हत्ती वाटू लागतो. मिकलहॅमचे विलगीकरणाचे काम ऑक्टोबर २०२२ मध्ये संपले आणि त्याच महिन्यात व्हिक्टोरियात आलेल्या पुराने बेघर झालेल्या लोकांना तिथल्या खोल्या देण्यात आल्या. विमानतळ, रुग्णालय आणि महामार्ग जवळ असल्यामुळेच हे शक्य झाले. ख्रिसमस बेटावर पूरग्रस्तांना कोणी नेले नसते.