नेव्हरमाइंड

निर्व्हाना या अमेरिकन रॉक वृंदाचा दुसरा व सर्वांत गाजलेला गीतसंच (१९९१). ‘पर्यायी रॉक’ हा संगीतप्रकार मुख्य प्रवाहात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने या संचास दिले जाते. १९८० च्या दशकात हा प्रकार लहान, स्वतंत्र ध्वनिमुद्रण-संस्था आणि महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रे यांच्या आश्रयाने वाढला होता.

गायक, गिटारवादक व गीतकार कर्ट कोबेन (१९६७–९४) आणि बेस-गिटारवादक क्रिस्ट नोव्होसेलिच यांनी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील ॲबर्डीन या लाकूड-व्यवसायाच्या गावी हा वृंद स्थापन केला. त्याचे नाव ‘निर्वाण’ या संस्कृत शब्दावरून घेतलेले असले, तरी त्याच्या संगीतात शांतीपेक्षा क्षोभच अधिक आहे. ब्लीच (१९८९) हा पहिला संच सिॲटलच्या सब पॉप या छोट्या संस्थेने काढला. त्याच्या मुद्रणास जेमतेम ६०० डॉलर खर्च आला. १९९० मध्ये ड्रमवादक डेव्ह ग्रोल वृंदात आला. नेव्हरमाइंडचे मुद्रण १९९१ च्या मे-जूनमध्ये, मुख्यत्वे लॉस अँजेल्समधील साउंड सिटी या मुद्रणगृहात, बुच व्हिग याच्या देखरेखीखाली झाले आणि गेफेन कंपनीच्या डीजीसी या शाखेने २४ सप्टेंबर रोजी ते प्रकाशित केले.

कंपनीची अपेक्षा माफक होती. अमेरिकेत प्रारंभी सु. ४६,००० प्रतीच वितरित झाल्या. परंतु ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या गीताचे चित्रमुद्रण एमटीव्ही वाहिनीवरून वारंवार दाखविले जाऊ लागले आणि जानेवारी १९९२ मध्ये या संचाने मायकेल जॅक्सनच्या डेंजरसला मागे सारून बिलबोर्डच्या यादीत अग्रस्थान मिळविले.

या यशाचे कारण केवळ बंडखोरीत शोधणे योग्य नव्हे. संथ, जवळजवळ पुटपुटल्यासारखे कडवे आणि त्यावर एकाएकी कोसळणारे कर्कश ध्रुपद ही रचना कोबेनने पिक्सीज या वृंदापासून उचलली. ध्रुपदाची चाल मात्र बीटल्सच्या गीतांसारखी सहज ओठांवर रुळणारी ठेवली. पंक संगीताचा रांगडेपणा व लोकप्रिय गीताची सुरेलता यांचा असा मेळ पूर्वी इतक्या मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत क्वचितच पोहोचला होता. पुढे पर्ल जॅम, साउंडगार्डन इ. सिॲटलचे वृंदही लोकप्रिय झाले आणि ‘ग्रंज’ ही संज्ञा रूढ झाली. ‘पर्यायी’ हे विशेषण मात्र अर्थहीन होऊ लागले. कारण जो पर्याय होता, तोच आता बाजार ठरला.

कोबेनला ही विसंगती जाचत होती. अँडी वॉलेस याने ध्वनिमिश्रणात आणलेला गुळगुळीतपणा त्याला नंतर खटकू लागला. त्यामुळे इन यूटरो (१९९३) हा पुढील संच वृंदाने स्टीव्ह अल्बिनी याच्याकडून हेतुतः खरखरीत स्वरूपात मुद्रित करून घेतला. तोही यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला.